हो साहेब

यंत्रमागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढून विणकराचे कान पार गेले होते. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्याला बोलणं कळायचं. नाही दिसले तर मान डोलवून "हो साहेब" म्हणायचं, म्हणजे भानगड मिटते, ही त्याची जुनी खोड. सूतचोरीच्या खटल्यात खाली मान घालून लिहिणाऱ्या साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" तेव्हाही तो तेच म्हणाला आणि सहा महिन्यांची शिक्षा ओढवून घेऊन बसला.

अपिलात सरकारी वकील हटून बसला. "कबुली ती कबुली. आता बहिरेपणाचं सोंग कशाला?"

न्यायाधीशबाईंनी तोंडासमोर फाइल धरली. "काका, काल माझी गाडी तुम्हीच पळवलीत ना?"

"हो साहेब," विणकर अदबीनं म्हणाला.

कोर्टात हशा पिकला. बाईंनी कबुली रद्द केली, खटला पहिल्यापासून चालवायला सांगितलं आणि त्याला जामिनावर सोडलं. मागच्या बाकावर त्याच्या बायकोचा जीव भांड्यात पडला.

पण व्हरांड्यात येताच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं त्याला थांबवलं आणि अगदी समोर उभी राहिली.

"मी तुम्हाला लग्नाचं विचारलं, ते चालू मागाशेजारीच. तेव्हाही न ऐकताच हो म्हणालात की काय?"

"नाही," तो म्हणाला.

उभ्या संसारात तिनं त्याच्या तोंडून ऐकलेला हा पहिला नकार.