कपाळावरचे पट्टे

बाबांच्या हार घालायच्या फोटोत कपाळावर पुन्हा आडवे पट्टे छापून आले आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून त्याने दुकानातल्या प्रिंटरचा ड्रम पुसला, टोनर बदलला, कागद बदलला, मशीनला शिव्यांची लाखोली वाहिली. स्क्रीनवरच्या बाबांकडे मात्र एकदाही धड पाहिलं नाही. "भंगारात घालतो हे धूड!" तो ओरडला. "गिऱ्हाइकाचा फोटो असता, तर आधी उलटा करून छापला असतास," बहीण तुटकपणे म्हणाली. दातओठ खात त्याने तसं केलं. मशीनचा दोष असता, तर पट्टे कागदाच्या वरच्या भागातच राहिले असते. ते कपाळाबरोबर खाली गेले. "मग तुझ्या फोटोतच खोट आहे!" तो खेकसला. "सावली आहे ती, दवाखान्यातल्या खिडकीच्या आडव्या गजांची. एकदा तरी आला असतास, तर ओळखली असतीस," ती कडाडली. "मी हा फोटो काढला त्या दिवशी तू येणार म्हणून बाबा दाढी करून बसले होते."