सोळाव्या सोमवारचं मौन

“वहिनी, तुमचं यंत्र आज नाही वाजलं तर उद्या हा खांब खाली,” सोसायटीचे सेक्रेटरी परेशभाई म्हणाले. “चार महिने झाले. बायकांना पापड घालायला जागा उरली नाही.”

गोखिवऱ्यातल्या इमारतीची गच्ची. संध्याकाळचे साडेपाच. सुरुचीला हौशी रेडिओचा नाद होता; डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहामार्फत दूरदेशीच्या माणसांशी बोलायचं. आजचा उपग्रह यायला अकरा मिनिटं होती. सुरुचीने लॅपटॉपवर ‘पूर्व’ दाबलं. खांबावरची मोटर घरघरली, अँटेना वळली. सगळं सुरळीत दिसत होतं. तरी मागच्या तिन्ही वेळा रेडिओत नुसती खरखर आली होती.

कठड्यापाशी तिच्या सासूबाई, मनोरमाबाई, उभ्या होत्या. त्यांचा सोळावा सोमवार. दिवेलागणीपर्यंत मौन. हे व्रत कशासाठी, ते सुरुचीने कधी विचारलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झालेल्या सुनेला ते विचारावं लागत नाही.

मनोरमाबाईंनी तिचा दंड धरला आणि पाण्याच्या टाकीकडे बोट केलं.

“पाणी गेलं असेल. आत्ता नको ना, आई!”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. पुन्हा टाकीकडे बोट.

“काकी, नळ उद्या बघू,” परेशभाई हसले.

मनोरमाबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. मग त्या बोलल्या.

“सुरुची, तुझी पूर्व चुकलीय गं. पाडव्याच्या सुमाराला सूर्य नेमका पूर्वेला येतो. तो त्या टाकीच्या डाव्या कडेला उगवतो. मी रोज इथून अर्घ्य देते. तुझं यंत्र भलतीकडेच तोंड करून बसलंय.”

सुरुचीने कपाळावर हात मारला. खांब बसवताना दिशा तिने फोनवर पाहिली होती, लोखंडी जिन्याला टेकून. लोखंडाने फोनमधलं होकायंत्र फसवलं होतं. तिने पट्टा सैल केला आणि अख्खा खांबच टाकीच्या कडेकडे फिरवला.

उपग्रह वर आला. तिसऱ्या हाकेला कोलंबोहून एका बाईने उत्तर दिलं, स्वच्छ, शेजारच्या गच्चीवरून बोलावं तसं. परेशभाई मोबाइल काढून रेकॉर्डिंगच करत बसले.

“पापडांचं काय,” जाताना ते म्हणाले, “खाली अंगणातही वाळतात.”

ते गेले तशी सुरुचीला रडू फुटलं. “आई, शेवटचाच सोमवार होता. माझ्या यंत्रापायी तुमचं नातवंडाचं व्रत मोडलं.”

“नातवंडाचं?” मनोरमाबाईंनी पदराने तिच्या बोटांचं ग्रीस पुसलं. “अगं, तुझं हे यंत्र बोलावं म्हणूनच तर गप्प बसत होते मी.”