विणकरणीचा चौथा अंक

चौथा अंक सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तोच लाइट गेली. प्रोजेक्टरमुळे भिंतीवर दिसणारी इटलीची विणकरीण मागाशेजारच्या खाटेवर तापाने फणफणत पडली होती. ती तशीच्या तशी नाहीशी झाली.

"गेली," बोळातून आत येत सिद्धाप्पा म्हणाले. मैंदर्गीचे सिद्धाप्पा मिलमध्ये तीस वर्षं वायरमन होते, पण आवाजात चिंता नव्हती, समाधान होतं. "आता काय ही लवकर येत न्हाय. अक्का, आज हितंच थांबू."

उत्कर्षाने उठून खिडकीचा पडदा सरकवला. ऑपेरा कसा ऐकायचा हे शिकवायला ती दर गुरुवारी विजापूर रोडवरच्या या वृद्धनिवासात यायची. आज आली ती दोन महिन्यांनी. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दर वेळी तिच्याबरोबर येणाऱ्या आईची. त्या खुर्चीवर आज नारायण सर पाय पसरून बसले होते. आजवर ते कधी शेवटची रांग सोडून पुढे आले नव्हते.

"मग पुढची गोष्ट तोंडी सांगते," ती म्हणाली.

"नको, नको!" सर घाईने म्हणाले. "आम्ही ठरवलंय, तिसऱ्या अंकातच संपवायचं. तिचं लग्न ठरलंय, सगळे नाचताहेत. इतका चांगला शेवट हातात असताना पुढे कशाला जायचं? शिवाय चौथ्या अंकातलं संगीत जरा कमी दर्जाचं आहे."

"तुम्ही ऐकलंय, सर?"

"अंदाज आहे."

एवढ्यात शेजारच्या स्वयंपाकघरात शेंगाचटणीचा मिक्सर घरघरू लागला. चांगला जोरात. सिद्धाप्पा छताकडे बघू लागले.

"काका, बटण कुणी पाडलं?"

"मी न्हाय."

"त्येनंच पाडलं," मागून सारजाबाई म्हणाल्या. माळशिरसच्या सारजाबाईंना मनात काही ठेवता येत नसे. "पन मीच सांगितलं त्येला. पोरी, ही आज मरती न्हवं? पाच गोष्टी दाखिवल्यास, पाचीत शेवटाला कोन ना कोन मेलं. आमाला कळत न्हाय व्हय? तुजी आई जाऊन दोन म्हैनं झालं, आन् तुला हे बघाय लावायचं? आमी न्हाय बघत जा."

उत्कर्षाला हसू आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच आईचं बोलणं आठवलं. तिसरा अंक संपला त्या गुरुवारी आई म्हणाली होती, "शेवट सांगू नकोस. ऐकूनच कळू दे." पुढच्या गुरुवारी आई दवाखान्यात होती. त्यानंतर घरी उत्कर्षाने हा अंक तीनदा लावला आणि तीनदा बंद केला.

"काका, बटण लावा," ती म्हणाली. "मला एकटीला ऐकवत नाही. तुमच्यात बसून ऐकते."

सर आईच्या खुर्चीवरून उठले, ती उत्कर्षापुढे सरकवली आणि आपल्या शेवटच्या रांगेत गेले. सिद्धाप्पा चपला फटफटवत बोळात जाऊन आले.

विणकरीण परत आली. खाटेवर कोपरावर रेलून ती गाऊ लागली. तीन मिनिटं झाली, सहा झाली, ती गातच होती.

"ताप एकशे चार, आन् दम बघा की बाईचा," सिद्धाप्पा कुजबुजले. "आमच्या मिलचा भोंगा बी एवढा येळ वाजत न्हवता."

"शूऽऽ!" सर गुरगुरले. त्यांचा रुमाल डोळ्यांवर होता.

आवाज बारीक होत गेला, एका सुरावर बराच वेळ थरथरला आणि थांबला. मिक्सरही थांबला होता.

"बाईला बोलाय तरी मिळालं," सारजाबाई म्हणाल्या.

आईच्या घशात शेवटचे पाच दिवस नळी होती; तिला बोलता आलं नव्हतं. उत्कर्षा रडली, अगदी मोकळं रडली. सगळे शहाण्यासारखे भिंतीकडे बघत राहिले. तिने नाक पुसलं, तेव्हा सर म्हणाले, "मी सांगत होतो, तिसऱ्यातच थांबा म्हणून."

सगळे हसले. तीही हसली आणि लॅपटॉप मिटायला उठली.

"मिटू नगंस," सारजाबाई म्हणाल्या. "माघारी ने की. जित्ती हाय, तितनं लाव."

तिने बोटाने चित्र मागे ओढलं. विणकरीण खाटेवरून उठली, उलट्या पावलांनी मागाकडे गेली. विणायचा धोटा तिच्या हातात आला. सिद्धाप्पांनी उठून पंखा एकावर केला, म्हणजे नीट ऐकू येईल.