दुपारचे थेंब

रुपरावनं शिट्टी फुंकली तेव्हा पोरं अजून चड्डीत शर्ट खोचतच होती. रविवारची सकाळ होती आणि शाळेमागच्या मैदानावर ऊन आताच चटके द्यायला लागलं होतं.

"आज कवायत नाही," तो म्हणाला. "मले मिलमध्ये बोलावलं आहे."

रविवारी मिल बंद असे, पण बंद मशिनी दुरुस्त करायला फिटर लागतोच आणि रुपराव फिटर होता. आठवडाभर मिल, रविवारी स्काऊटचं पथक आणि उरलासुरला वेळ घराला. पथकाचे काही पैसे मिळत नसत. सुमती, त्याची बायको, त्यावरून फार बोलायची. लोकांच्या पोरांना गाठी शिकवता अन् घरची गळकी मोरी तशीच, म्हणायची. ती आता बाळंतपणासाठी नरखेडला माहेरी गेली होती, आणि त्याला तिच्या बोलण्याचीसुद्धा आठवण येत होती.

घरी होती फक्त आई. पार्वतीबाईचं काळीज कमजोर झालं होतं आणि डोकंही साथ देत नव्हतं. चहाचा कप खाली ठेवून लगेच विचारायची, आज चहा नाही का गा? म्हणून तिच्या दवेची बाटली उंच फळीवर असे. रोज दुपारी पाण्यातून दहा थेंब. चुकवायचे नाहीत आणि वाढवायचेही नाहीत, काळजाचा मामला आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एरवी ते शेजारच्या सिंधूताई द्यायच्या. त्या नेमक्या कन्हानला लग्नाला गेल्या होत्या.

हे सगळं पोरांपाशी बोलायचं काही कारण नव्हतं, पण जीव टांगणीला लागला की माणूस बोलून जातो. पोरांना आजी चांगली ठाऊक होती. गाठी शिकायला पोरं त्याच्याच अंगणात बसत आणि त्यांच्यादेखतच तो थेंब मोजत असे. जेवणाच्या सुटीत सायकल हाणतो आणि देऊन येतो, असं त्यानं त्यांना सांगितलं. नाही जमलं तर कसं होईल देव जाणे, असंही पुटपुटला.

मग नेहमीचं सांगणं झालं. "जा आता. आज कोणाचं तरी भलं करा. अन् कोणाले सांगू नका. सांगितलं का ते सत्कृत्य राहत नाही, बढाई होते."

पोरांनी माना डोलावल्या आणि ती पांगली.

मिलमध्ये दुपारची सुटी झालीच नाही. मोठा शाफ्ट उतरवून ठेवला होता आणि फोरमन गोपाळराव कोणाला दारापर्यंतही जाऊ देईना. रुपरावनं हात जोडून पाहिले. गोपाळराव म्हणाले, सगळ्यांनाच आया आहेत. दुपार टळली, ऊन कललं, आणि पाना फिरवता फिरवता रुपरावचं काळीज तुटत राहिलं.

संध्याकाळी तो घरी पोचला तर अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. रांजण काठोकाठ भरला होता. दोरीवरचे कपडे घडी करून खाटेवर ठेवले होते आणि त्यांच्याशेजारी पार्वतीबाई निजली होती. त्यानं हाक मारली, मग हात धरला. हात थंड होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. रुपरावला पुढचं काही ऐकू आलं नाही. घरात कोणी नाही म्हणून माझ्या मायनं तशा जिवानं घर झाडलं, पाणी भरलं, अन् घोटभर दवा द्यायला मी नव्हतो, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. फळीकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही. सिंधूताईंनीच नंतर अंथरुणाबरोबर ती बाटलीही फेकून दिली. सुमती पोटुशी असूनही धावत आली. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

तेरवी झाल्यावर पोरं आली. स्कार्फ बांधून अंगणात रांगेत उभी राहिली. रुपरावनं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या ओमप्रकाशच्या हातात दिली.

"दुसरा मास्तर पाहा," तो म्हणाला. "मी लोकाईचं भलं करत फिरलो, अन् माझी माय दवेवाचून गेली."

ओमप्रकाशचे डोळे भरून आले.

"सर, सांगायचं नव्हतं, पण सांगतो. आजी दवेवाचून नाही गेली. दुपारी मी आलो होतो. अंगण झाडलं अन् मोजून दहा थेंब दिले."

रुपराव त्याच्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं पोराला छातीशी धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडला. आई उपेक्षेनं गेली नव्हती. त्याचीच शिकवण तिच्या उशाशी उभी होती. त्यानं शिट्टी परत घेतली, गळ्यात घातली.

ते पाहून रांगेतल्या नत्थूलाही धीर आला.

"मी बी दवा दिली सर," तो म्हणाला. "पाणी भरलं, मग आजीले विचारलं. ती म्हणे, सकाळपासून कोणीच नाही दिली."

त्याच्यामागे आणखी एक हात वर झाला, आणि मग रांगेतले सगळेच.