आग्रहाचं आमंत्रण

स्टुटगार्टच्या वसतिगृहात आत्मारामबरोबर एका दूरच्या देशाचे तेवीस विद्यार्थी राहत होते. १९६१ साली त्यांच्या राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं होणार होती आणि त्यांच्या वकिलातीला जर्मनीतही थाटात सोहळा करायचा होता. पुण्यात गणेशोत्सवाची कामं केलेला आत्माराम हौसेने मदतीला गेला.

त्यांच्यातलाच, शेजारच्या खोलीतला फरीद मात्र म्हणाला, "त्या माणसासाठी मी टाळ्या वाजवणार नाही." आणखी चौघांनीही नकार दिला.

आत्मारामला तो रुसवा वाटला. आपल्याकडे लग्नात करतात तशा त्याने दोन याद्या केल्या. एक येणाऱ्यांची. दुसरी रुसलेल्यांची, खोली नंबरासकट.

"या पाच जणांना नुसतं पत्र नको," त्याने वकिलातीच्या अधिकाऱ्याला समजावलं. "स्वतः जाऊन आग्रह करा. दारात माणूस आलं की कुणी नाही म्हणत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," अधिकारी हसला. "कधी सापडतील?"

"रविवारी सकाळी सगळे खोलीतच असतात."

अधिकाऱ्याने आत्मारामचे मनापासून आभार मानले, यादीची घडी करून खिशात ठेवली आणि तो निघून गेला.

येणाऱ्यांची यादी टेबलावरच राहिली होती.