सातव्या मजल्यावरची भाडेकरीण

युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये हिवाळ्यात सापडलेली वटवाघळं आम्ही आमच्या बचाव केंद्रात कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये निजवतो. गारठ्यात झोपली तरच ती वसंतापर्यंत जगतात. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या पानासआजोबांची खिडकी स्फोटाने फुटली, तेव्हा तिच्या चौकटीत झोपलेलं वटवाघूळ ते टोपीत घालून घेऊन आले.

"अकरा हिवाळे घोरतेय माझ्या खिडकीत," ते केंद्रातल्या आमच्या झ्लाताला म्हणाले. "जाग आली की सातव्या मजल्यावरच आणून सोड, पोरी."

"सोडते. पण तुम्ही आता लेकीकडे जा ना, आजोबा."

"आणि ही परत आली की खिडकी कोण उघडणार, तुझा बाप?"

जानेवारीत आजोबांच्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. इमारत गेली, आजोबाही गेले. एप्रिलमध्ये, दिलेला शब्द म्हणून, झ्लाता आणि मी तिन्हीसांजेला त्या रिकाम्या जागेवर गेलो आणि पिशवी उघडली. वटवाघूळ सरळ वर चढलं. आता यावर तुम्ही हसाल, खुशाल हसा; पण सात मजल्यांच्या उंचीवर, नुसत्या आभाळात, ते उलटं लटकलं आणि त्याच्यामागे पिवळा दिवा लागला.



युद्धातल्या दिवाबंदीच्या सवयीने झ्लाता खालून म्हणाली, "आजोबा, पडदा ओढा, उजेड बाहेर दिसतोय."