कोटाखालचा पोशाख

मार्चच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, फिनलंडमधल्या केइतेले सरोवराच्या काठच्या गावात, मासेमारीच्या सामानाच्या एकुलत्या एका दुकानात सुलेवी आरशासमोर उभा होता आणि आरशात पाहायचे टाळत होता. अंगात तरंगता पोशाख होता: गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग, आतून फुगीर, बर्फ फुटलाच तर माणसाला बुचासारखा पाण्यावर धरून ठेवणारा. गेल्या वसंतात पलीकडच्या काठचा एक जण बर्फ फुटून पाण्यात गेला होता. तो वाचला, पण सुलेवीच्या बायकोची, हिल्काची, झोप त्या दिवसापासून उडाली होती. "पोशाख घे," तिने बजावले होते, "नाहीतर बर्फावर पाऊल टाकायचं नाही."

सुलेवीला बुडण्याचे भय नव्हते. भय ओइवाचे होते. ओइवा, आर्मास आणि तो, तिघांनी गोठलेल्या सरोवराच्या बर्फात शेजारी शेजारी भोके पाडून, त्यांतून मासे धरत उभा जन्म काढला होता. या पोशाखाविषयी ओइवाचे मत सर्वश्रुत होते. मतावर तो वाद घालत नसे. निकाल देत असे. "तरंगते कपडे घालणारा मासे धरायला येत नाही, बुडायला येतो. त्यानं आपल्या शेजारी भोक पाडू नये." एकदा असा पाहुणा शेजारी येऊन बसला, तेव्हा ओइवाने मुकाट्याने आपले स्टूल उचलून लांब नेले होते. ते उचललेले स्टूल सुलेवी विसरला नव्हता.

"हिल्कानं नारिंगी आणायला सांगितलाय," तो पुटपुटला. "लांबून दिसतो म्हणे."

"नारिंगी संपले. शेवटचा शिट्टीवाला पोशाख परवाच खपला," दुकानवाली काइसा म्हणाली. "तुम्ही आपला करडा घ्या. कोटाखाली कळत नाही."

सुलेवी चपापला. कोटाचे नाव त्याने काढलेच नव्हते.

त्या आठवड्यापासून तो जुन्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाखाली करडा पोशाख चढवून बर्फावर जाऊ लागला. कोटाची बटणे लागता लागत नसत. भर थंडीत पाठीवरून घामाचे ओघळ उतरत.

"काय रे सुलेवी, हिल्का हल्ली खायला काय घालते?" आर्मासने विचारले. "पिंप झालास लेका!"

"आणि तू? बसलास की दोघांनी धरून उठवावा लागतोस."

ओइवा हसला नाही. काही दिवसांपासून घसा धरल्याचे सांगून तो कानांपर्यंत मफलर गुंडाळून येई. त्याने गिरमिट फिरवून भोक पाडले, आत डोकावून पाहिले आणि रोजच्यासारखा निकाल दिला, "बर्फ नेहमीसारखाच आहे." सुलेवीने मान खाली घातली. या माणसाला आपण रोज फसवतो आहोत, हे त्याला कोटाहूनही जड वाटे.

खरी अडचण शनिवारची होती. शनिवारी मासेमारी आटोपली की तिघे कोणा एकाच्या घरच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, एकत्र जात. सौनात जायचे म्हणजे अंगावरचे सगळे उतरवायचे, आणि तेही एकमेकांदेखत. पहिल्या शनिवारी सुलेवीने गुडघ्याचे निमित्त काढले. आग्रह होईल, शिव्या बसतील, अशी त्याची अपेक्षा होती. तसे काहीच झाले नाही. आर्मास म्हणाला, डॉक्टरने वाफ बंद केली आहे. ओइवा म्हणाला, आपल्या सौनाचे धुराडे तुंबले आहे. पुढच्या शनिवारीही तेच झाले. तिघे आपापल्या घरी जाऊन एकेकट्याने अंघोळ करू लागले. सुलेवीला ती अंघोळ अंगाला लागेना. आपल्या एका लबाडीने तिघांचा शनिवार बुडाला, असे त्याच्या मनाने घेतले.

महिन्याच्या अखेरच्या शनिवारी काठावरून हिल्काची हाक आली. तिच्यामागे सुलेवीच्याच सौनातून धूर निघत होता.

"सौना तापलाय! तिघंही या! जो येणार नाही, त्याचं सॉसेज कुत्र्याला!"

"माझा गुडघा," सुलेवी म्हणाला.

"गुडघ्याला वाफच लागते. चल! आणि तुम्ही दोघं, तुम्हाला काय वेगळं सांगू?"

कपडे उतरवायच्या खोलीत तिघे तीन भिंतींकडे तोंडे करून उभे राहिले. कोणी बटणाला हात लावीना.

"ओइवा, वयानं तू मोठा. तू आधी," आर्मास म्हणाला.

"घर सुलेवीचं आहे. त्यानं आधी जावं."

"पाहुण्यांचा मान पहिला," सुलेवी म्हणाला. आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याला वीट आला. एवढ्या वर्षांची सोबत, आणि आपण बटणामागे लपतो आहोत. जायचे असेल तर ओइवाने खुशाल स्टूल उचलून जावे. निदान खऱ्या सुलेवीच्या शेजारून उठून जाईल. त्याने कोट काढला, खुंटीला लावला आणि करड्या पोशाखात वळून उभा राहिला.

"मी घालतो," तो म्हणाला. "रोज घालतो. झालं?"

आर्मासने घाईघाईने आपली बटणे सोडली. आत तसाच करडा पोशाख होता.

मग दोघेही ओइवाकडे पाहू लागले. ओइवाने मफलरचा एक वेढा काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. मफलरखाली नारिंगी गळपट्टी झगझगली. त्याने कोट उतरवला. आत छातीभर चकाकत्या पट्ट्या होत्या आणि मधोमध शिट्टी लोंबत होती.

तिन्ही पोशाख ओळीने खुंट्यांना लागले. आत गेल्यावर ओइवा नेहमीप्रमाणे सर्वांत वरच्या पायरीवर बसला. त्याने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले, वाफ छतापर्यंत जाऊ दिली आणि मग निकाल दिला.

"यंदा बर्फ पातळ आहे."